सदर इसम गावी हजर

मैताची खबर रातवा घेत नाही, वाटेत रात्रीचा मुक्काम करत नाही, असं कचरू इंगळ्याचा बाप म्हणायचा. पाटलाच्या घरी कुणी गेलं की सोयऱ्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन जायचं काम महाराचं. पूर असो, ऊन असो, अंगात ताप असो, निघायचं म्हणजे निघायचं. त्या कामाचे कायदेही ठरलेले होते. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. गेलेल्याचं नाव स्वच्छ घ्यायचं. ‘जरा जास्त आहे’, ‘बोलावलंय’ असली लपवाछपवी करायची नाही. आणि सांगून होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. सांगून झालं की त्या घरच्या बाईनं वरून पाणी ओतायचं, ओंजळीनं प्यायचं, की माणूस सुटला. ज्यांना कचरूच्या बापाची सावली चालत नव्हती, त्यांनीसुद्धा हे पाणी कधी नाकारलं नाही.

छपन्न साली बोरखेडीच्या अख्ख्या महारवाड्यानं दीक्षा घेतली. डफडं फेकलं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, बापामागं कचरू चालवत आलेला सांगावाही सोडला. चांगलंच केलं. राहिली ती कचरूची कोतवालकी, कारण ती सरकारी होती, पगाराची होती आणि छातीवर पितळी बिल्ला होता. डफडं नाही तर रॉकेलचा रिकामा डबा काठीनं बडवून तो दवंडी द्यायचा आणि दर मंगळवारी चार कोस चालून देऊळगाव राजाहून तलाठ्याचं टपाल आणायचा.

त्याचा एकुलता एक गुलाब सातवी झाला आणि मुंबईला गोदीत असलेल्या मावसभावाकडे गेला. तिथून लागला ‘जलकेतू’ नावाच्या मालाच्या जहाजावर, इंजिनात तेलपाणी करायला. आता बोरखेडीला पाणी माहीत ते विहिरीतलं. होडी गावात कुणी पाहिलेली नव्हती. गुलाब पहिल्या रजेवर आला तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला, जहाज वाटेत कुठं मुक्कामाला सोडता, असं अगदी मन लावून विचारलं होतं. त्याच रजेत त्याचं लग्न झालं. बायको कोकिळा, धामणगाव बढ्याची, चौथी शिकलेली. कचरूची बायको आधीच वारली होती. म्हणून घरात माणसं दोनच, सासरा आणि सून.

पासष्ट साली दिवाळीच्या आधी गुलाबचं पत्र आलं, कोलंबोहून टाकलेलं. कोकिळेनं ते चुलीपाशी बसून वाचून दाखवलं.

‘जहाज लई जुनं झालं. पाणी उपसायचा पंप चालत नाही. सांगितलं तर साहेब म्हणतो, गप काम कर. मले वाटते पुढच्या बंदरात उतरून पळून यावं. बापूले सांग, पण दुसऱ्या कोनाले सांगू नको.’

“येऊन राह्यले वाटते,” कोकिळा म्हणाली. त्या दिवसापासून ती रात्री दाराला कडी लावीनाशी झाली.

महिना उलटला आणि एका मंगळवारी कचरूनं आणलेल्या टपालात मुंबईचा एक कागद निघाला. मुंबईहून कलेक्टर, कलेक्टरकडून तहसील, तिथून बोरखेडी. शिक्केच इतके की मजकुराला जागा उरली नव्हती. रामराव तलाठ्यानं तो वाचला, उलटून पाहिला, आणि समोर उकिडव्या बसलेल्या कचरूला विचारलं.

“कचऱ्या, तुझा गुलाब घरी हाय का रे?”

“काऊन, रावसाहेब?”

“काऊन ते मले काय माहीत? जहाज-खात्यानं इचारलं. सदर इसम सध्या गावी हजर आहे किंवा कसे. बस, इतकंच हाय.”

खरंच इतकंच होतं. कशासाठी विचारतात, जहाजाचं काय झालं, एक अक्षर नाही. वर मात्र लाल शाईत ‘गोपनीय’. सरकारचं हे असं असतं. आपल्याला काय हवं ते सांगायचं नाही आणि मिळालं ते खरं धरायचं.

वीस वर्षं त्यानं असले कागद लोकांच्या दारी नेले होते. सरकारी कागदानं माणसाचं नाव घेतलं की ते भल्यासाठी कधीच नसतं, हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. लढाईच्या काळात गावचा एक शिपाई रजेवरून परत गेला नव्हता. घरच्यांनी ‘इथं नाही’ म्हणून सांगितलं. त्याला फरारी लिहिलं आणि घरातली भांडीसुद्धा जप्त झाली. शेजारच्या गावच्या दुसऱ्यानं तेच केलं. त्याच्या आईनं मात्र ‘घरीच हाय, तापानं पडला’ असं सांगितलं आणि प्रकरण मिटलं. दोन्ही ठिकाणी कागद नेणारा कचरूच होता. तेव्हा त्यानं मनाशी गाठ मारून ठेवली होती: फरारी हा शब्द तेवढा लागू द्यायचा नाही.

गुलाब पळाला, हे त्याला पत्रावरून पक्कं माहीत होतं. आठ-पंधरा दिवसांत तो दारात उभा राहील. मग आज सांगितलेलं उद्या आपोआप खरं होईल.

“हाय ना,” कचरू म्हणाला. “घरीच हाय. तापानं पडला.”

रामरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खरं तर उठून, ओढा ओलांडून, वाड्यात जाऊन बघायचं होतं. पण वाड्यात तलाठ्यानं जायचं म्हणजे घरी जाऊन अंघोळ करायची, आणि दिवस थंडीचे. बसल्या जागी त्यांनी लिहिलं, ‘सदर इसम गावी हजर. समक्ष खात्री केली.’ खाली कचरूचा अंगठा घेतला. पुढच्या मंगळवारी तो लखोटा कचरूनंच देऊळगाव राजाला पोचवला, तोही दवानं भिजू नये म्हणून सदऱ्याच्या आत घालून.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. गुलाब आला नाही. पण सरकारचाही दुसरा कागद आला नाही, आणि कचरूला वाटलं की आपली मात्रा लागू पडली. पोरगा कुठंतरी दबून बसला असेल, वातावरण निवळलं की येईल. वर्ष सरलं. कोकिळा मजुरीला जायची, यायची, दाराला कडी लावायची नाही. सासऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त दर मंगळवारी तो टपाल घेऊन परतला की पाण्याचा तांब्या पुढे करून त्याच्या तोंडाकडे बघायची.

पौषातल्या एका मंगळवारी देऊळगाव राजाच्या मोटार-स्टँडवर एक धिप्पाड माणूस ‘बोरखेडीची वाट कोणती’ म्हणून विचारत होता. काखेत कापडी पिशवी, अंगात निळा जाड कोट. लोकांनी त्याला बिल्लेवाल्या कचरूकडे पाठवलं.

“बोरखेडीत कोनाकडं?”

“गुलाब इंगळेकडे. आम्ही एका बोटीवर होतो. मी इब्राहिम, रत्नागिरीकडचा.”

“मी त्याचा बाप हाय,” कचरू म्हणाला, आणि त्या माणसानं भर स्टँडवर त्याला मिठी मारली. कचरूला असं कुणी परक्यानं कधी धरलं नव्हतं. त्याचे डोळेच भरून आले.

“कुठं आहे तो, चाचा? पत्रसुद्धा टाकलं नाही लबाडानं! हा बघा, त्याच्यासाठी हलवा आणलाय.”

कचरू हसला. “आता थट्टा पुरे झाली, बापा. तूच सांग, कुठं ठेवला त्याले? तुले त्यानंच धाडलं ना?”

इब्राहिमही हसला. मग कचरूकडे बघत बघत त्याचं हसू थांबलं. “मला नाही धाडलं कुणी. तो घरी आहे म्हणून मी आलो.”

स्टँडमागच्या लिंबाखाली बसून इब्राहिमनं जे सांगितलं, ते कचरूला एका दमात कळलं नाही. दोनदा सांगावं लागलं.

कोलंबोला इब्राहिमच्या पोटाचं दुखणं उलटलं, म्हणून त्याला उतरवलं. आणखी एक उतरला, गोव्याचा पेद्रू. बाकी चौतीस जण जहाजावर राहिले. “गुलाब कठड्याशी उभा होता, चाचा. तेलाचं फडकं हलवत होता. जहाज सुटलं तरी हलवत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” तिसऱ्या दिवशी तुफान झालं. हवामानवाल्या सरकारी लोकांनी इशारा दिला होता. तो बंदरात आला, बंदरातून कंपनीच्या माणसाकडे आला आणि त्याच्या टेबलाच्या खणात राहिला, कारण बिनतारीनं जहाजाला कळवायचं कुणी, बंदरानं की कंपनीनं, हे ठरलेलं नव्हतं. मंगळवारी जहाजाचा आवाज बंद झाला. कंपनीनं नऊ दिवस सरकारला सांगितलं नाही. बोभाटा झाला तर माल देणारे व्यापारी पळतील, ही भीती. सरकारच्या विमानाला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला, तो सरकारनं कंपनीला सांगितला नाही. चौकशी चालू होती ना, मग कसं सांगणार?

“कंपनी म्हणाली, दोघं उतरलेत. कोण ते वकिलाला विचारल्याशिवाय सांगणार नाही म्हणाली. सरकारनं मग छत्तीस जणांच्या गावी विचारलं, माणूस घरी आहे का. दोन ठिकाणांहून ‘आहे’ आलं. माझ्या गावाहून, आणि तुमच्या. पेद्रूचा तर पत्ताच सापडला नाही. दोनाचा आकडा दोनाशी जुळला. फाइल बंद. पेद्रूला बुडालेल्यांत लिहिलं. तो गोव्यात ताडी पीत बसलाय, मी भेटून आलो. आणि गुलाबला...” इब्राहिम थांबला. “मी कंपनीत यादी पाहिली तेव्हा नाचलो, चाचा. वाटलं, मी पाठ फिरवल्यावर बंदराबाहेर वाट दाखवणाऱ्या होडीतून शेवटच्या घटकेला उतरला असेल. कागदावर सरकारी शिक्का होता. समक्ष खात्री केली, असं लिहिलं होतं.”

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथं आंधळेही दोन होते, आणि जात्यात मुठीनं घालणारा कचरू स्वतः होता.

इब्राहिम घरी यायला निघाला, पोराच्या बायकोला भेटून जातो म्हणाला. कचरूनं त्याला येऊ दिलं नाही. “मी सांगतो,” म्हणाला. “आमच्यात सांगायची रीत हाय.” इब्राहिमनं हलव्याचा डबा त्याच्या हातात दिला, परत न्यायला त्याला धीर झाला नाही.

चार कोस कचरू चालला. वाटेत दोन विहिरी लागल्या, तो कुठं प्यायला नाही. नाव कसं घ्यायचं, कुठं उभं राहायचं, सगळं मनात घोकत आला. पण दारात पोचतो तर कोकिळेनं आधी डबाच पाहिला.

“कोनं देल्ला, मामाजी?”

सांगायचं तर तिथंच सांगायचं होतं. पण ‘तो गेला’ म्हटलं की ती ‘कवा’ विचारणार, ‘मंग आपल्याले कसं कळलं नाही’ विचारणार, आणि त्या प्रश्नाच्या तोंडाशी तो स्वतः अंगठा काळा करून उभा होता. मोठमोठ्यांच्या दारात ज्याची जीभ कधी अडखळली नाही, ती स्वतःच्या दारात लुळी पडली.

“गुलाबचा दोस्त भेटला स्टँडवर,” तो म्हणाला.

कोकिळेला तेवढंच पुरलं. तिनं तांब्या पुढे केला, आणि तो प्यायला. घटाघटा प्यायला. तिनं हलव्याचे बारके बारके तुकडे केले आणि घरोघर जाऊन वाड्यात वाटले. कलाबाई म्हणून शेजारीण होती, तिनं तुकडा कपाळाला लावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कचरू रामरावांसमोर जाऊन उभा राहिला. “रावसाहेब, ते लिहिलेलं खोडा. पोरगा गेला माहा. मी खोटं बोललो होतो.”

रामरावांनी आधी दार लोटून घेतलं. “तू खोटं बोलला, अन् म्या काय केलं? समक्ष खात्री केली म्हणून लिहिलं. तुही कोतवालकी जाईन अन् माही तलाठकी. लेकरंबाळं हायेत मले. गेलेला माणूस काही खोडल्यानं येते का?”

“पण सून हाय ना, रावसाहेब. तिचं काय?”

“तिले काय सांगायचं ते तू घरात सांग. कागदाले काऊन मधात आणतं?”

कागद मध्ये आणला नाही, तर सांगायला तोंड नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तोंडही स्वतःच्याच हातानं दाबलेलं. कचरूनं शाळेतल्या गुरुजींकडून मुंबईला पत्र लिहवलं, कंपनीला. महिन्यानं उत्तर आलं: सरकारी नोंदीप्रमाणे आपला मुलगा हयात आहे, तरी सरकारकडे चौकशी करावी. सरकारकडे लिहिलं. उत्तर आलं: कंपनीची यादी अंतिम आहे, कंपनीकडे चौकशी करावी. हयातभर ज्यांनी एकमेकांना काही कळवलं नाही, ते एवढ्या बाबतीत मात्र एका सुरात बोलले.

माघात कोकिळेचा भाऊ उकर्डा धामणगाव बढ्याहून आला. ओट्यावर बसून त्यानं हळूच विषय काढला. “मामा, बहीण बावीसची हाय. पत्र नाही, माणूस नाही. आमच्याकडं एक पोरगा हाय, मास्तर, बायको वारलेली. तुमी एक शब्द म्हणा, नेतो मी तिले. नाही म्हणत असान, तं तेही सांगा.”

आत चुलीचा आवाज थांबला होता. कोकिळा ऐकत होती.

कचरूनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. इथं हो म्हणावं, तर पोरगा मेल्याचं कबूल करावं लागत होतं. “थांब बे जरा,” तो म्हणाला. “येऊन राह्यला तो. दोस्त भेटला ना त्याचा.”

उकर्डा उपाशीच उठून गेला. मेलेल्याच्या नावानं जिवंत पोरीचा जन्म अडवून ठेवायचा, याहून वाईट काय असतं? कचरूला ते कळत होतं. कळत असून तो गप्प बसला, आणि हे पाप कुठल्या कंपनीचं नव्हतं, कुठल्या सरकारचंही नव्हतं.

चैत्रात टपालातून एक छापील परिपत्रक आलं. जहाजं बुडण्याच्या प्रकरणावर मुंबईत मोठी सभा झाली होती म्हणे. सरकार आणि कंपन्या एका टेबलाशी बसले, चहा झाला आणि ठराव झाला की यापुढे दोघांनी एकमेकांना सगळं वेळेवर कळवायचं. त्यासाठी गावोगावच्या दर्यावर्दींची नावं तलाठ्याकडे नोंदवून घ्यायची, म्हणजे बरीवाईट खबर घरच्यांना तात्काळ पोचेल. राज्यभर दवंडी द्यावी, असा हुकूम.

रामरावांनी ते वाचून दाखवलं, आणि कचरूकडे न बघताच म्हणाले, “देऊन टाक. हुकूम हाय.”

कचरूनं डबा गळ्यात अडकवला. पाटलाच्या वाड्यासमोर दिली, मारुतीच्या पारावर दिली, बाजारओळीत दिली. “ऐका हो ऐका! ज्याच्या घरचा माणूस जहाजावर नोकरीले असंन, त्यानं तलाठ्याकडं नाव नोंदवावं होऽ! सरकार खबर तुरंत पोचवंन होऽ!” लोक हसत होते. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “अरे, साऱ्या गावात जहाजवाला एक तुहाच, दवंडी कोनाले देऊन राह्यला?”

कचरू ओढा ओलांडून वाड्यात आला. कलाबाईच्या दारावरून पुढे गेला आणि स्वतःच्या घरासमोर थांबला. उंबऱ्याच्या बाहेर. डबा बडवला. तीच दवंडी पुन्हा दिली, शेवटच्या शब्दापर्यंत. ऊन रणरणत होतं. कोकिळा नेहमीसारखी तांब्या घेऊन दारात आली.

“आता मंधात या, मामाजी. घसा सुकला असंन.”

कचरू हलला नाही. डबा गळ्यातून काढून त्यानं खाली ठेवला, बिल्ला काढून त्यावर ठेवला, आणि बापानं शिकवलं होतं तसे दोन्ही हात जोडले.

“गुलाब कचरू इंगळे गेला,” तो म्हणाला. “पासष्टच्या साली, दिवाळीच्या तोंडावर. समुद्रात. जहाजासंगं.”

वाड्यातल्या बाया दारांत आल्या. कोकिळा रडली नाही. तिनं विचारलं, “मंग आपल्याले काऊन कळलं नाही?”

“सरकारनं मले इचारलं होतं, पोरगा घरी हाय का म्हणून. मले वाटलं तो पळाला, धरतीन त्याले. मी हाय म्हणून सांगतलं. माह्या अंगठ्यानं तो जिता राह्यला.”

तांब्यातलं पाणी हिंदकळून कोकिळेच्या पायावर सांडलं, ते तिला कळलंही नाही.

“तुमाले कवा समजलं?”

“पौषात. दोस्त आला होता तवा.”

“म्हणजे तो हलवा म्या घरोघर वाटला,” कोकिळा एकेक शब्द जोडत म्हणाली, “तवा तुमाले माहीत होतं? अन् माहा भाऊ आला, तवाही?”

“हाव.”

सांगावा सांगून झाला होता. कचरूनं सवयीनं, न कळत, ओंजळ पुढे केली.

कोकिळा तांब्या घेऊन आत गेली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तिनं दाराला आतून कडी लावली. पाटलाच्या दारातही कधी कोरडी न गेलेली ती ओंजळ तशीच धरून कचरू उन्हात उभा राहिला. वाड्यातलीही कुणी बाई पाणी घेऊन पुढे आली नाही.